स्कोअरशीट माझ्याकडे आणि टीमपण माझीच, कसं करता तुम्ही लोक?

शीटवाला

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

एका ऑनलाइन बुद्धिबळ टीम लीगचं रेकॉर्ड मी गेले तीन सीझन ठेवतोय. आठ टीम, प्रत्येकी चार बोर्ड (म्हणजे एका मॅचला चार खेळाडू, चार गेम), आठवड्याला एक राउंड. पगार-बिगार अर्थातच नाही, आधीचा माणूस कंटाळून गेला आणि शीट माझ्या गळ्यात पडली. आणि हो, त्याच आठ टीमपैकी एकीचा मी कॅप्टन आहे. ह्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं, मलाही नाही, गेल्या सीझनच्या शेवटच्या राउंडपर्यंत.

झालं असं की मॅच पॉइंटवर (टीमच्या मॅचचे) आम्ही आणि दुसरी एक टीम बरोबरीत होतो, गेम पॉइंटवर (एकेका बोर्डाचे) ते अर्ध्याने पुढे. नियम असा की ठरलेल्या वेळेनंतर १० मिनिटं थांबायचं, समोरचा आला नाही तर फॉरफीट, म्हणजे न खेळताच पॉइंट आपला. आमच्या चौथ्या बोर्डाचा प्रतिस्पर्धी अकराव्या मिनिटाला आला, म्हणे सॉरी, राउटर बंद करून चालू करत होतो, खेळूया का. आमच्या पोराने मला मेसेज केला, दादा काय करू. मी म्हणलं नियम आहे, पॉइंट घे. आणि लगेच शीट उघडून चौथ्या बोर्डासमोर १-० टाकून मोकळा झालो, रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी. ही वेळ मला पाठ आहे कारण पुढचे चार दिवस लोक मला तीच दाखवत होते. त्या एका पॉइंटवर आम्ही लीग जिंकलो.

दोन दिवसांनी त्या दुसऱ्या टीमच्या कॅप्टनने एक स्क्रीनशॉट टाकला, तिसऱ्या राउंडचा. दोन वेगळ्याच टीमची मॅच, एक जण १२ मिनिटं उशिरा आलेला, समोरच्याने रीतसर तक्रार केलेली आणि त्याखाली माझं उत्तर: "अरे बारा मिनिटांनी काय होतंय, खेळून टाका."

आता खरं सांगतो, दोन्ही वेळा माझ्या मनात काहीही नव्हतं. नियमाने बघितलं तर शेवटच्या राउंडचा निर्णय बरोबर होता, चुकला होता तो तिसऱ्या राउंडचा. पण हे मी कुणाच्या तोंडाने सांगणार? जितकं समजावायला गेलो तितका रुतत गेलो.

प्रश्न एवढाच आहे की बाजूला व्हायचं म्हणजे नक्की काय करायचं. शीट दुसऱ्याला देऊ? तोही कुठल्या ना कुठल्या टीमचाच असणार. न खेळणारा माणूस फुकटात दर रविवारी निकाल टाकत बसेल असं मला तरी कुणी भेटलेलं नाही.

नुसता वाचक

ट्रॉफी कुणाकडे राहिली शेवटी?

शीटवाला

आमच्याकडेच. ट्रॉफी म्हणजे प्रोफाइलवर एक चित्र येतं. ते मी लपवून ठेवलंय.

तिरकी चाल

म्हणजे खेळाडूही तुम्हीच, कारकूनही तुम्हीच आणि निकाल देणारेही तुम्हीच. घोडा, उंट आणि हत्ती एकाच घरात. :)

गंमत सोडा. मला वाटतं लोक तुमच्यावर जो आरोप करतायत तो चुकीचा आहे, पण तुम्ही जो बचाव करताय तोही चुकीचाच आहे. शेवटच्या राउंडला तुम्ही कडक झालात ह्यात खोट नाही. खोट तिसऱ्या राउंडच्या उदारपणात आहे. तुमचं काही जाणार नव्हतं म्हणून तुम्हाला उदार होता आलं. दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म. ज्याचा पॉइंट गेला त्याला विचारलं होतंत का? आपण हितसंबंध म्हणलं की फक्त "स्वतःचा फायदा करून घेतला" एवढंच बघतो, पण जिथे आपला फायदा-तोटा काहीच नाही तिथे आपण नियम ढिला सोडतो आणि जिथे आहे तिथे तोच नियम अक्षर न अक्षर आठवतो, हे त्यातलंच आहे आणि हे करताना माणसाला स्वतःला कळतसुद्धा नाही.

शीटवाला

हे लागलं. पण बरोबर आहे.

ताशेरे

मी वकिली करते (ऑनलाइन क्विझ लीग खेळते, त्यामुळे दोन्हीकडची आहे), तर एक जुनी केस सांगते, कारण ती न्यायाधीशाची नाहीच, कारकुनाची आहे.

इंग्लंड, १९२३. ससेक्समध्ये मॅकार्थी नावाच्या मोटरसायकलवाल्यावर बेदरकार गाडी चालवल्याचा खटला होता. मॅजिस्ट्रेट लोक निकालाचा विचार करायला आतल्या खोलीत गेले, त्यांच्याबरोबर कोर्टाचा बदली क्लार्कही गेला, साक्षीपुराव्याच्या नोंदी घेऊन, कायद्याचं काही विचारावं लागलं तर हाताशी असावा म्हणून. मॅकार्थीला शिक्षा झाली. नंतर कळलं की हा क्लार्क ज्या सॉलिसिटर फर्ममधला होता तीच फर्म त्याच अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी मॅकार्थीच्या विरोधात उभी होती. मॅजिस्ट्रेट म्हणाले आम्ही त्याला काही विचारलंच नाही. क्लार्कही आत चकार शब्द बोलला नव्हता. कोर्टाने हे सगळं खरं मानलं, आणि तरीसुद्धा शिक्षा रद्द केली. न्याय नुसता होऊन भागत नाही, तो झालेला स्पष्ट दिसलाही पाहिजे, हे जे वाक्य सगळे उठसूट फेकतात ते लॉर्ड ह्यूअर्टचं आणि ते ह्या केसमधलं.

म्हणजे बघा, ज्याच्यामुळे निकाल फिरला त्या माणसाने काहीही केलं नव्हतं. नोंदवही घेऊन चुकीच्या खोलीत बसला होता इतकंच. शीटवाले, तुम्ही "माझ्या मनात काही नव्हतं" म्हणता ते मी शंभर टक्के मानते, पण मुद्दा तो नाहीच.

आणि त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. मॅकार्थीला किंवा त्याच्या वकिलाला हे नातं आधी माहीत असतं आणि तरी सुटण्याच्या आशेने ते गप्प बसले असते, तर नंतर त्यांना तक्रार करता आली नसती. त्यामुळे तुमच्यासाठी पहिलं काम माणूस शोधण्याचं नाहीच. सीझन सुरू व्हायच्या आधी लिहून टाका की शीट माझ्याकडे आहे, मी अमुक टीमचा कॅप्टन आहे, कुणाला हरकत असेल तर आत्ता बोला.

रविवारचा कर्णधार

ताशेरे, केस भारी आहे. पण आमच्याकडे लिहून टाकलं होतं, सगळ्यांना माहीत होतं, कुणी हरकत घेतली नाही, आणि तरी वांदे झालेच. सांगतो.

आमच्या लीगमध्ये कॅप्टनने शुक्रवार रात्रीपर्यंत लाइनअप रेकॉर्डवाल्याला पाठवायची, कोण कुठल्या बोर्डावर. गुप्त. शनिवारी सकाळी तो सगळ्यांच्या एकदम जाहीर करणार. आणि हा रेकॉर्डवाला स्वतः एका टीमचा कॅप्टन. आता त्याची लाइनअप तो कुणाला पाठवणार? स्वतःलाच! म्हणजे आमचा तगडा माणूस ह्या वेळी तिसऱ्या बोर्डावर आहे हे त्याला शुक्रवारी कळतंय आणि त्याने त्याचा तिसरा बोर्ड नेमका त्याच आठवड्यात बदलला. तो शपथेवर सांगतो योगायोग होता. असेलही. पण तेव्हापासून आम्ही सगळे लाइनअप शुक्रवारी ११ वाजून ५९ मिनिटांनी पाठवायला लागलो, आणि मग तो चिडला की शेवटच्या मिनिटाला चौदा मेसेज येतात, मी माणूस आहे का कोण.

आता काय करतो, त्याने त्याची लाइनअप गुरुवारी रात्री दुसऱ्या एका कॅप्टनकडे बंद करून ठेवायची, असा कॅप्टन ज्याची त्या आठवड्यात त्याच्याशी मॅच नाही. एवढंच. एक मेसेज. पण ही साधी गोष्ट सुचायला दोन सीझन गेले कारण तोपर्यंत आम्ही "तू चीटर" आणि "मी लीग सोडतो" ह्यातच अडकलो होतो.

फ्रेम मोजणारी

स्पीडरनवाली आहे (व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवायचा, अशा एका प्रयत्नाला रन म्हणतात), एका जुन्या गेमच्या लीडरबोर्डची, म्हणजे विक्रमांच्या यादीची, मॉडरेटर. लोकांनी पाठवलेल्या रन तपासून पास करायच्या हे माझं काम. आमच्याकडे हा रोजचाच प्रश्न आहे, कारण व्हिडिओ तपासायला तो गेम कोळून प्यायलेला माणूस लागतो आणि असा माणूस त्याच बोर्डावर पहिल्या दहात असतो. बाहेरचा तटस्थ माणूस आणला तर त्याला कुठली ट्रिक शक्य आहे आणि कुठली अशक्य हेच कळणार नाही.

स्वतःची रन स्वतः पास करायची नाही हे सगळे पाळतात, ते सोपं आहे, रनच्या पानावर कुणी तपासली त्याचं नाव दिसतंच. खरी मेख रांगेत आहे. प्रतिस्पर्ध्याची रन रांगेत पडून आहे आणि मी "ह्या आठवड्यात वेळ नाही" म्हणून ती तशीच ठेवते. नाकारली नाही, काही खोटं लिहिलं नाही, नुसती बघितली नाही. आणि तेवढ्या दिवसांत तिसऱ्या नंबरवर माझंच नाव. हे मी केलंय. मुद्दाम? माहीत नाही. त्या आठवड्यात इतर चार रन तपासल्या होत्या एवढं मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट वेळ मोजण्याची. तिसऱ्या आणि चौथ्या नंबरात दोन फ्रेमचा फरक होता, ६० च्या फ्रेमरेटला म्हणजे साधारण ०.०३ सेकंद. नियम म्हणतो स्क्रीन पूर्ण काळी झाली की वेळ थांबवायची. आता पूर्ण काळी म्हणजे? व्हिडिओ दाबून दाबून छोटा केलेला असला की एक फ्रेम अशी येते जी काळी आहे पण कोपऱ्यात जरा राखाडी आहे. मी ती फ्रेम झूम करून दहा मिनिटं बघत होते. शेवटी दुसऱ्या मॉडरेटरला नुसता फ्रेम नंबर विचारला, रन कुणाची ते न सांगता. त्याचं उत्तर माझ्याविरुद्ध आलं. चौथी झाले.

जुनं उदाहरण हवं तर टॉड रॉजर्स. अटारी २६०० ह्या जुन्या गेम कन्सोलवरच्या ड्रॅगस्टर गेमचा १९८२ चा ५.५१ सेकंदांचा विक्रम त्याच्या नावावर पस्तीस वर्षं होता. २०१७ मध्ये एरिक कोझिएलने गेमचा कोड उलगडून दाखवला की ५.५७ च्या खाली जाणं शक्यच नाही. जानेवारी २०१८ ला ट्विन गॅलेक्सीजने (व्हिडिओ गेमचे विक्रम नोंदवणारी संस्था) त्याचे सगळे स्कोअर काढून टाकले. आणि हा माणूस त्याच ट्विन गॅलेक्सीजचा कधीकाळी रेफ्री होता! इतकी वर्षं कुणी खोलात का गेलं नाही ह्याचं एक कारण मला तरी इथे दिसतं. आपल्यातल्याच माणसाला पुरावा मागायला जीभ रेटत नाही.

नुसता वाचक

आणि ते ड्रीमचं प्रकरण, माइनक्राफ्ट खेळणाऱ्या यूट्यूबरचं? तिथे तर तो उलटं म्हणत होता ना, मॉडरेटरच माझ्यावर डूख धरून आहेत?

फ्रेम मोजणारी

हो, आणि म्हणूनच ते बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०२० च्या त्याच्या सहा लाइव्ह स्ट्रीममध्ये २६२ अदलाबदलींत ४२ वेळा पर्ल मिळाले, जिथे बारा-तेरा वेळा मिळायला हवे होते, आणि ३०५ ब्लेझ (गेममधले राक्षस) मारून २११ रॉड, जिथे निम्मेच अपेक्षित. पर्ल आणि रॉड ह्या गेम संपवायला लागणाऱ्या वस्तू, आणि त्या मिळणं नशिबावर असतं. माइनक्राफ्टच्या मॉडरेटर टीमने डिसेंबरमध्ये २९ पानांचा रिपोर्ट काढला, शक्यता साडेसात लाख कोटींत एक. आता मॉडरेटर म्हणजे त्याच गेमची जाणकार, आवड असलेली माणसं, म्हणजे पूर्वग्रहाचा आरोप होणारच. तर त्यांनी आकडे आणि गणित सगळं उघड ठेवलं, आणि "आम्ही मुद्दाम नशीबवान स्ट्रीम निवडल्या असतील" असं धरून त्याची सूट गणितातच त्याच्या बाजूने दिली. विश्वास ठेवा असं म्हणायची गरजच पडली नाही, ज्याला शंका होती त्याने कॅल्क्युलेटर काढला. पुढे मे २०२१ मध्ये त्याने स्वतःच कबूल केलं की मॉड, म्हणजे गेममध्ये फेरफार करणारा प्रोग्रॅम, चालू होता, नकळत म्हणे.

कमिशनरसाहेब

फँटसी लीग (खऱ्या खेळाडूंच्या कागदी टीम करायच्या, त्यांच्या कामगिरीवर पॉइंट) दहा वर्षं चालवतोय, बारा जण, मीही त्यातलाच एक. आमच्याकडे कमिशनरला, म्हणजे लीग चालवणाऱ्याला, देवासारखे अधिकार असतात, कुणाचीही टीम बदलू शकतो, ट्रेड (दोन टीममधली खेळाडूंची अदलाबदल) पास करू शकतो, अडवू शकतो. चांगल्या ॲपवर हाताने केलेला बदल सगळ्यांना दिसतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

स्वतःच्या ट्रेडवर स्वतः शिक्का मारायचा नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. अवघड असतो तो तिसऱ्याचा ट्रेड. दोन जण आपापसात देवाणघेवाण करतायत, माझा संबंध नाही, पण त्यातल्या एकाशी मला पुढच्या आठवड्यात प्लेऑफ, म्हणजे सीझनअखेरची बाद फेरी, खेळायचाय. आता ट्रेड एकतर्फी वाटला म्हणून अडवला तर म्हणणार स्वतःसाठी अडवला, सोडला तर बाकीचे बोंबलणार कमिशनर झोपला होता का. मी एकदा अडवला. ट्रेड खरंच घाण होता, आजही म्हणेन. पण अडवायला नको होता, मी नको होता अडवायला, दुसऱ्या कुणीतरी अडवायला हवा होता. आता प्लेऑफच्या आधीच्या तीन आठवड्यांत सगळे ट्रेड दुसऱ्या माणसाकडे जातात, जो प्लेऑफच्या शर्यतीतून बाहेर पडलाय त्याच्याकडे. तळाची टीम! त्याला काही गमवायचंच नसतं, आणि बिचाऱ्याला काहीतरी काम मिळतं. :)

अजून एक, एन्ट्री फी असेल तर पैसे आणि स्कोअर एका माणसाकडे कधीही ठेवू नका. ह्यावर मी चर्चासुद्धा करणार नाही.

थकलेला ॲडमिन

सगळं वाचलं. आता माझं ऐका.

मी एका प्रेडिक्शन लीगचं पाच वर्षं केलं. प्रत्येक सामन्यानंतर निकाल टाकायचा, पॉइंट मोजायचे, कुणाचा अंदाज वेळेत आला कुणाचा नाही ते बघायचं. एका सीझनला मी तिसरा आलो आणि कुणीतरी ग्रुपवर लिहिलं, "ॲडमिनला सगळ्यांचे अंदाज आधी दिसतात, तिसरा येणारच." हसण्यावारी. त्यावर सात जणांनी हसण्याची चित्रं टाकली. मी दुसऱ्या दिवशी सगळं सोडलं. लीग दोन महिन्यांत बंद पडली.

तुम्ही लोक नियमांवर नियम चढवताय, हे उघड करा, ते लॉग करा, दुसऱ्याकडून सही घ्या. फुकटात राबणाऱ्या माणसाला आधी चोर समजायचं आणि मग म्हणायचं कुणी पुढे येत नाही. मला एकदा तरी कुणी विचारलं असतं की बाबा तुला ह्या कामात काय मिळतं?

ताशेरे

थकलेले, तुमच्यावर अन्याय झाला ह्यात शंका नाही. पण मला उलट वाटतं. अंदाज तुम्हाला आधी दिसत नसते, म्हणजे सामना सुरू होईपर्यंत कुणालाच दिसत नसते, तर तो विनोद करताच आला नसता. ज्याच्याकडे चावी असते त्याच्यावर आळ येतो, म्हणून चावी नको म्हणणं हा स्वतःवर संशय घेणं नव्हे.

थकलेला ॲडमिन

मान्य. पण हे मला तेव्हा ग्रुपवरच्या दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी स्वतः म्हणलो असतो तर "बघा, खाई त्याला खवखवे" झालं असतं.

तिरकी चाल

हे खरं आहे. नियम खेळाडूंनी मागायला हवेत, आणि भांडण नसताना मागायला हवेत.

दोन वह्या

क्रिकेटवाला, स्कोअरर म्हणून बरीच वर्षं बसलोय त्यामुळे राहवत नाही. क्रिकेटच्या नियमांत, तिसऱ्या नियमात, दोन स्कोअरर सांगितलेत आणि दोघांनी वारंवार आपापल्या वह्या जुळवायच्या असं स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एक ह्या टीमचा आणि एक त्या टीमचा. म्हणजे तटस्थ कुणीच नाही! दोघंही आपापल्या बाजूचे, शेजारी शेजारी बसलेले, आणि दर ओव्हरला "किती झाले तुझे?" "त्र्याऐंशी." "माझे ब्याऐंशी, तो लेगबाय धरलास का?" असं चाललेलं. वह्या जुळल्या की प्रश्न मिटला. शीटवाले, तटस्थ माणूस मिळत नाही म्हणून अडून बसू नका, दोन विरुद्ध बाजूची माणसं मिळाली तरी काम होतं. मॅच झाली की दोन्ही कॅप्टननी वेगवेगळा निकाल भरायचा. जुळला की आपोआप शीटमध्ये. नाही जुळला तरच कुणीतरी बघायचं, आणि मॅच तुमची असेल तर ते कुणीतरी तुम्ही नाही.

अवांतर: बेसबॉलमध्ये अमेरिकेत कितीतरी वर्षं वर्तमानपत्राचे क्रीडा पत्रकारच अधिकृत स्कोअरर असायचे. चेंडू हिट धरायचा की फील्डरची चूक, हे तोच ठरवणार आणि उद्या त्याच खेळाडूची मुलाखत घ्यायला ड्रेसिंग रूममध्येही तोच जाणार. शेवटी बऱ्याच मोठ्या वर्तमानपत्रांनीच आपल्या माणसांना हे काम करायची बंदी घातली आणि १९८० पासून लीगने स्वतंत्र स्कोअरर नेमायला सुरुवात केली. तेही बघा, धावा कुणी मोजल्या ह्यावर भांडण नव्हतं. भांडण होतं ते मताच्या जागेवर.

शीटवाला

दोन वह्या, हा मताच्या जागेचा मुद्दा नेमका आहे. मी काल बसून मोजलं, आमच्या लीगमध्ये एका सीझनला ११२ गेम होतात. त्यातले शंभरावर तर साइटवरच खेळले जातात, लिंक उघडली की निकाल, तारीख आणि युटीसी वेळ दिसते, तिथे मी काय कपाळ बदलणार. माझ्या हातात उरतात ते फॉरफीट, पुढे ढकललेल्या मॅच, नेट गेलं म्हणून वाद, आणि ऐनवेळचा बदली खेळाडू चालेल का नाही. एका सीझनला आठ-दहा. सगळी लीग स्वच्छ असते आणि सगळी भांडणं ह्या आठ-दहा रकान्यांत असतात.

सेल लॉक

शीटबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून. बरेच जण म्हणतात रेंज (ठरावीक रकाने) प्रोटेक्ट केली, आता कुणी बदलू शकत नाही. गूगल शीट्समध्ये फाइलचा मालक प्रोटेक्ट केलेली रेंजही बदलू शकतोच, त्याला तुम्ही बाहेर काढूच शकत नाही. तेव्हा फाइल लीगसाठी काढलेल्या वेगळ्या अकाउंटच्या नावावर ठेवा, एका कॅप्टनच्या नाही. दुसरं, निकाल फॉर्मने घेत असाल तर शीटमधली ओळ बदलली तरी फॉर्मच्या आत मूळ उत्तर तसंच राहतं, वाद झाला की तिथे जाऊन बघता येतं. आणि व्हर्जन हिस्टरी (फाइलच्या आधीच्या बदलांची नोंद) फक्त एडिट करू शकणाऱ्यांनाच दिसते, नुसतं बघणाऱ्यांना नाही, म्हणजे "हिस्टरी आहे की" म्हणून भागत नाही, बहुतेक लीगला ती दिसतच नसते. त्यापेक्षा एक साधा टॅब ठेवा: काय बदललं, आधी काय होतं, कुणी बदललं, का. हाताने लिहा. कंटाळवाणं आहे पण चार महिन्यांनी तोच टॅब कामाला येतो.

कमिशनरसाहेब

"का" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो लिहिताना पेन अडलं की समजायचं.

नुसता वाचक

एक बाळबोध शंका. ११ मिनिटं म्हणजे ११ मिनिटं ना? जे इतकं सरळ आहे त्याच्यासाठीही दुसऱ्याला उठवायचं का रात्री पावणेबाराला?

ताशेरे

चांगली शंका आहे. विकिपीडियावर असा नियम आहे की ज्या वादात ॲडमिन स्वतः गुंतलाय तिथे त्याने ॲडमिनचे अधिकार वापरू नयेत. पण त्यालाही पळवाट ठेवलीय, उघड उघड नासधूस वगैरे असेल, कुठल्याही शहाण्या ॲडमिनने तेच केलं असतं अशी गोष्ट असेल तर चालतं, तरी दुसऱ्याकडे सोपवणं बरं. इथे अडचण अशी की ११ मिनिटं हे सरळ राहिलं नव्हतं. तिसऱ्या राउंडच्या १२ मिनिटांनी ते आधीच वाकडं करून ठेवलं होतं. आणि रात्री उठवायची गरजच नाही. रकान्यात १-० ऐवजी "प्रलंबित" लिहायचं आणि झोपायचं.

शीटवाला

बरं, ह्या सीझनसाठी मी जे टाकलंय ते सांगतो, कुणाला भोक दिसलं तर दाखवा.

फाइल लीगच्या अकाउंटवर हलवली. प्रत्येक मॅचचा निकाल दोन्ही कॅप्टन भरतात. माझ्या टीमच्या मॅचमध्ये हाताने काही करायचं असलं तर मी फक्त "प्रलंबित" लिहितो आणि ज्या दोन टीमची त्या राउंडला आमच्याशीही मॅच नाही आणि गुणतक्त्यात आमच्या आसपासही नाहीत, त्यांच्या कॅप्टनपैकी जो जागा असेल तो ठरवतो. शेवटच्या दोन राउंडना आमच्या आसपासच्या टीमच्या मॅचलाही हेच. बदलांचा टॅब सगळ्यांना दिसतो. आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, मी कोण, कुठल्या टीमचा, हे लिहिलंय. उशिराचा नियम १० मिनिटंच ठेवला, पण आता दोन्ही खेळाडू राजी असतील तर खेळू शकतात, मी किंवा दुसरा कुणी "खेळून टाका" म्हणू शकत नाही.

फ्रेम मोजणारी

मुदत टाका. "प्रलंबित" तीन दिवसांच्या वर राहायला नको, नाहीतर माझ्या रांगेसारखं होईल.

रविवारचा कर्णधार

आणि तुमची बायको, भाऊ, ऑफिसातला मित्र दुसऱ्या टीममध्ये असेल तर? आमच्याकडे सख्खे भाऊ दोन टीमचे कॅप्टन आहेत, एकमेकांचे निकाल तपासतात, आणि उलट जास्तच कडक असतात. तरी पहिल्या ओळीत तेही लिहा.

शीटवाला

मेव्हणा आहे, पाचव्या टीममध्ये. लिहितो. तीन दिवसांचं पण टाकतो.

थकलेला ॲडमिन

ठीक आहे हे. एकच गोष्ट राहिली. तिसऱ्या राउंडला जो १२ मिनिटं वाट बघत बसला होता, ज्याने रीतसर तक्रार केली आणि तुम्ही "काय होतंय" म्हणलात, तो खेळला ना मग? काय झालं त्या गेमचं?

शीटवाला

हरला. ५४ चालींत.

थकलेला ॲडमिन

ह्या सगळ्या भानगडीत त्याच्याशी कुणी बोललं का? ट्रॉफीवरून भांडणारे दोघंही तुम्ही कॅप्टन. तो बिचारा कुठल्या टीमचा होता हेसुद्धा ह्या अख्ख्या धाग्यात आलेलं नाही.

शीटवाला

नाही बोललो. ह्या सीझनला त्याने नाव दिलेलं नाही, मला वाटलं वेळ नसेल त्याला.

आत्ता मेसेज टाकलाय. तो निकाल बदलत नाही, बदलांच्या टॅबवर टीप टाकलीय, "का" च्या रकान्यात "नियम १० मिनिटांचा होता, माझी चूक" असं, आणि त्याला ते दाखवलंय.

नुसता वाचक

काय म्हणाला?

शीटवाला

बघितलाय मेसेज. अजून उत्तर नाही.